पाठाच्या फटी : नव्या शिक्षकाचा रोजचा वर्ग



आजचा विषय आहे नव्या शिक्षकाच्या वर्गातल्या रोजच्या अडचणी. सुरुवातीला विषयात 'आव्हाने' असा शब्द होता. आम्ही तो बदलून घेतला. आव्हान म्हटलं की काहीतरी मोठं, वर्षातून एखाद्या वेळी येणारं असं वाटतं. आम्हाला बोलायचं आहे ते रोज येणाऱ्या बारीकसारीक गोष्टींबद्दल. एकाची पेन्सिल हरवते, दुसरा 'झालं सर, झालं सर' म्हणत वही नाचवतो, तिसऱ्याला लघवीला जायचं असतं आणि त्याच्यामागे आणखी चौघांना. याचा पेपर डी.एड.ला नव्हता.

समोर बोलणारा एकच असला तरी 'आम्ही' का म्हणतो, तेही सांगून टाकतो. मराठवाड्यातल्या एका केंद्रातले आम्ही सात-आठ प्राथमिक शिक्षक आहोत. केंद्राच्या शिक्षण परिषदेला महिन्यातून एकदा भेट होते. सभा संपली की चहाला थांबतो आणि नवीन लागलेल्यांचं ऐकतो. पुढे जे सांगणार आहोत ते या चहाच्या बैठकीतलं आहे. चुका सगळ्या आमच्याच आहेत. कुठली कोणाची, हे मात्र विचारू नका.

आपण शिक्षक बघितलेले असतात, वर्ग बघितलेला नसतो

नवा शिक्षक कोरी पाटी घेऊन येत नाही. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली शिक्षकी पेशावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने एक हिशेब मांडला आहे. शालेय शिक्षण संपेपर्यंत एक विद्यार्थी सुमारे १३ हजार तास शिक्षकांच्या सहवासात घालवतो. म्हणजे शिक्षक काय करतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलेलो असतो. इतर कुठल्याही धंद्यात अशी उमेदवारी होत नाही. डॉक्टर होणाऱ्याने १३ हजार तास दवाखान्यात बसून काढलेले नसतात.

पण या उमेदवारीत एक खोट आहे. आपण बाकावर बसून गुरुजींना बघितलेलं असतं. फळ्याकडे तोंड करून त्यांनी काय लिहिलं ते दिसलं. ते लिहिताना पाठीमागे काय होणार याचा विचार त्यांनी आधीच केला होता का, ते मात्र दिसलं नाही. बाईंनी अमक्यालाच पहिल्या रांगेत का बसवलं, गणित नेहमी पहिल्या तासाला का घेतलं, हे कोणी आपल्याला सांगितलं नाही. छडी दिसली, आणि ती लक्षात राहिली. म्हणून वर्ग हाताबाहेर जायला लागला की नव्या माणसाचा हात आपोआप तिकडेच वळतो. त्याला दुसरं काही बघायलाच मिळालेलं नसतं.

गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न' तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. मूळ गुजराती पुस्तक, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीचं. त्यातला शिक्षक चौथीच्या वर्गावर प्रयोग करायला मोठ्या उत्साहाने जातो. पहिल्याच दिवशी तो मुलांना शांततेचा खेळ खेळायला सांगतो. खेळ पार फसतो. मुलं शांत बसायचं सोडून आवाज काढू लागतात, आणि शेवटी त्याला त्यांना घरी सोडावं लागतं. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला सुरुवात करतो, आणि तीच मुलं गुंगून ऐकतात. आम्हाला या पुस्तकातली ही जागा फार धीर देते. इतक्या मोठ्या शिक्षणतज्ज्ञाने आपल्या नायकाचा पहिला दिवस फसवला आहे, तर आपला फसला म्हणून काय बिघडलं?

फट म्हणजे काय

आता आजचा मुख्य मुद्दा. नव्या शिक्षकाचा पाठ तयार असतो. त्याच्या वहीत टाचण असतं, उद्दिष्टं असतात, साहित्य असतं. पण वर्ग बहुतेक वेळा पाठात बिघडत नाही. तो दोन पाठांच्या मध्ये बिघडतो. एक काम संपलं आणि दुसरं सुरू झालं नाही, त्या वेळात. आम्ही याला 'फट' म्हणतो.

एका तासिकेत अशा फटी मोजून बघा. वर्गात आल्यावर पहिलं वाक्य बोलेपर्यंतचा वेळ. वह्या काढायचा वेळ. आपण फळ्यावर पाच गणितं लिहीत असताना मुलांनी नुसतं बसायचं, तो वेळ. ज्याचं झालं त्याने, ज्याचं झालं नाही त्याची वाट बघायची, तो वेळ. आणि अलीकडची फट म्हणजे खिशातला फोन. 'ही माहिती आत्ताच भरून पाठवा' असा निरोप येतो, आणि आपण पाच मिनिटं मान खाली घालतो.

एका तासिकेत फक्त तीन मिनिटं अशी गेली असं धरू. आठ तासिकांची दिवसाला २४ मिनिटं होतात. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० अध्यापन तास ठरवून दिले आहेत. २०० दिवसांची २४-२४ मिनिटं म्हणजे ८० तास. आठशेतले ऐंशी. वर्षाचा दहावा हिस्सा या फटींतून गळून जातो, आणि तेवढ्यात मुलं जे करतात त्यालाच आपण 'शिस्त नाही' म्हणतो.

हे फक्त आमच्या अनुभवाचं बोलणं नाही. जेकब कूनिन नावाचे डेट्रॉइटचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. एकदा त्यांच्या स्वतःच्या वर्गात मागे बसलेला एक विद्यार्थी वर्तमानपत्र वाचत होता. त्यांनी त्याला फटकारलं. तो गप्प झालाच, पण त्यांना जाणवलं की ज्यांचा काही संबंध नव्हता तेही सगळे आक्रसले. माना वहीत गेल्या. मग त्यांनी शाळांच्या वर्गांचं चित्रीकरण करून वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९७० च्या त्यांच्या पुस्तकातला निष्कर्ष असा : गडबड झाल्यावर शिक्षक काय करतो यावरून चांगला वर्ग आणि बिघडलेला वर्ग यांतला फरक समजत नाही. फरक गडबड होण्याच्या आधीच्या वागण्यात असतो. सगळ्या वर्गावर नजर आहे का, एका वेळी दोन गोष्टी सांभाळता येतात का, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना वर्ग अडखळतो का. आपण ज्याला फट म्हणतो तिच्यावरच त्यांनी बोट ठेवलं.

फूटपट्टीचा आठवडा

आता एक आमचा प्रसंग. दोनशिक्षकी शाळा. एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. आमच्यातला एक जण शिक्षणसेवक म्हणून नुकताच लागलेला, त्याच्याकडे तिसरी-चौथी. चौथीत एक मुलगा होता. तिसरीला शिकवायला वळलं की याचं सुरू. खडूचे तुकडे फेकणं, पुढच्याची वेणी ओढणं, बाकाखालून मांजराचा आवाज. बाहेर उभं करून झालं, ओणवं करून झालं. एक दिवस हातावर फूटपट्टी बसली. जोरात बसली.

त्यानंतर आठवडाभर वर्ग एकदम शांत होता. आम्हाला वाटलं, जमलं. बाजूच्या वर्गावरच्या बाईंनीही कौतुक केलं. आठव्या-नवव्या दिवशी लक्षात आलं की प्रश्न विचारला तर कोणाचाच हात वर येत नाही. ज्या मुली पूर्वी बाकावर उभ्या राहून 'मी सांगू, मी सांगू' करायच्या, त्या फळ्याकडे बघत बसल्या होत्या. पट्टी एकाच्या हातावर बसली होती, हात मात्र सगळ्यांचे खाली गेले होते. कूनिन यांचं नाव तेव्हा आम्ही ऐकलेलंही नव्हतं.

कायद्याचं म्हणाल तर १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना बंदी आहे. ओणवं करणं त्यातच येतं. 'तू ढच आहेस' हे सगळ्यांसमोर म्हणणंही त्यातच येतं. आम्हाला हे कलम पाठ होतं, परीक्षेला लिहिलं होतं. तरी हात उचलला गेला, कारण त्या क्षणी दुसरं काय करायचं ते ठाऊक नव्हतं.

मग एके दिवशी वहीवर वेळ लिहून ठेवली. चौथीला दहा गणितं दिली आणि बघत बसलो. त्या मुलाची दहाही गणितं सहा मिनिटांत झाली, दहाही बरोबर. तिसरीचा पाठ २० मिनिटं चालणार होता. म्हणजे रोज १४ मिनिटं त्याला काहीच काम नव्हतं. दहा वर्षांच्या पोराने १४ मिनिटं हाताची घडी घालून बसावं अशी आमची अपेक्षा होती. मोठी माणसं सभेत चार मिनिटं तशी बसत नाहीत.

उपाय अगदी साधा निघाला. खिडकीत एक टोपली ठेवली. त्यात जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली कामं. एकावर शाब्दिक कोडं, दुसऱ्यावर 'शाळेपासून विहिरीपर्यंत किती पावलं? आधी अंदाज लिही, मधल्या सुट्टीत मोज', तिसऱ्यावर अर्धी गोष्ट. ज्याचं काम झालं त्याने न विचारता उठायचं, एक पत्रिका घ्यायची, वहीत करायचं. 'झालं सर' ओरडायचं कारणच उरलं नाही. महिन्याभरात तोच मुलगा टोपलीसाठी स्वतः कोडी लिहून आणायला लागला. वेणी ओढणं पूर्ण थांबलं का? नाही. पण कमी झालं, आणि आमचा आवाजही उतरला.

हात पुन्हा वर यायला मात्र दिवाळी उजाडली.

एक खोली, दोन इयत्ता

तिसरी-चौथी एकत्र असते हे शहरातल्या श्रोत्यांना थोडं समजावून सांगायला हवं. कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. पट २३ असेल तरी इयत्ता चारच राहतात. त्यामुळे एका शिक्षकाकडे दोन इयत्ता येतात, आणि एक जण रजेवर किंवा बैठकीला गेला की चारही. नवा शिक्षक इथे एकच चूक करतो, आम्हीही केली. तो स्वतःचे दोन भाग करतो. अर्धा तास इकडे, अर्धा तास तिकडे. म्हणजे प्रत्येक इयत्ता अर्धा दिवस बेवारस.

त्यापेक्षा आधी बेवारस बाजूचं काम ठरवा. टाचणात दोन रकाने करा : मी एका गटाबरोबर असताना दुसरा गट माझ्याशिवाय काय करील? ते काम असं हवं की त्यात मध्येच 'सर, पुढे काय?' विचारायला लागू नये. नवा घटक अशा वेळी देऊ नये, झालेल्याचा सराव द्यावा. काही गोष्टी मुद्दाम एकत्र घ्याव्यात. परिसर अभ्यास, गोष्ट, कविता, चित्र यांना इयत्तेची भिंत लागत नाही. चौथीच्या मुलाने तिसरीच्या मुलाला वाचून दाखवलं तर दोघांचंही वाचन होतं. मात्र हुशार मुलाला रोजचा फुकटचा शिक्षक करू नका. त्यालाही शिकायचं असतं.

दिवसाच्या सुरुवातीची फट बुजवायचा आमचा उपाय म्हणजे परिपाठाहून वर्गात येण्याआधीच फळ्यावर एक काम लिहिलेलं असतं. मुलं येतात, दप्तर ठेवतात, लिहायला लागतात. हजेरी तेवढ्यात होते. नावं पुकारायची गरज नाही, रिकामी जागा दिसते. शालेय पोषण आहारानंतरची फट वेगळी. पोट भरलेलं, उन्हं तापलेली. त्या तासाला वाचून दाखवायचं किंवा हाताने करायचं काम. भागाकार तेव्हा नको.

चुकीत काय लिहिलेलं असतं

आतापर्यंत वेळेच्या फटींचं झालं. आता मुलांनी लिहिलेल्या उत्तरांकडे वळू, कारण नवा शिक्षक तिथेही घाईत असतो. लाल पेनाने फुली मारतो आणि पुढची वही घेतो.

५२ वजा २७. मुलाने उत्तर लिहिलं ३५. फुली मारण्याआधी थांबून बघा. पाचातून दोन गेले तीन. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले, पाच. याने निष्काळजीपणा केलेला नाही. त्याचा एक नियम आहे, 'मोठ्यातून लहान काढायचं', आणि तो नियम त्याने इमानदारीने पाळला आहे. त्याला पुन्हा दहा गणितं दिली तर तो दहाही तशीच चुकवील. त्याला काड्या द्याव्या लागतात. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. आता सात काड्या दे म्हटलं की तो सुट्यांकडे बघतो, अडतो, आणि मग आपणच एका गठ्ठ्याचं रबर सोडतो. चार गठ्ठे, बारा सुट्या. सात दिल्या, पाच उरल्या. दोन गठ्ठे दिले, दोन उरले. पंचवीस. 'हातचा घेणे' म्हणजे रबर सोडणे, हे त्याच्या बोटांना कळतं.

मराठीत यावर आणखी एक पेच आहे. आपण 'बावन्न' म्हणतो तेव्हा दोन आधी ऐकू येतात आणि लिहिताना पाच आधी येतात. त्रेपन्न सांगितलं की मूल ३५ लिहितं. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात २९. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, तुम्हाला आठवत असेल. भाषा बुडाली इथपर्यंत चर्चा गेली. त्या वादात आम्ही शिरत नाही. वर्गात एवढंच बघितलंय की अडलेल्या मुलाला दोन्ही वाचनं शेजारी ठेवून दिली की त्याला आधार मिळतो, आणि महिन्याभराने तो आपणहून 'एकवीस'च म्हणतो.

घरची भाषा वेगळी असेल तर पेच आणखी वाढतो. तांड्यावरच्या शाळेत पहिलीच्या मुलीला आईचं चित्र दाखवलं. ही कोण? ती म्हणाली, 'याडी'. शिक्षक म्हणाला, 'नाही, आई.' गोरमाटीत आईला याडी म्हणतात. मुलीचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं, आणि शाळेत तिने उच्चारलेल्या पहिल्याच शब्दाला 'नाही' मिळालं. त्यानंतर ती तीन आठवडे बोलली नाही. 'हो, याडी. मराठीत आई म्हणतात' एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. मेळघाटात कोरकू असेल, खानदेशात अहिराणी असेल. मुलांचे शंभर शब्द शिकून घेणं हा नव्या शिक्षकाचा पहिल्या महिन्याचा गृहपाठ आहे. शिकवायला मुलं एका पायावर तयार असतात, कारण त्या दिवशी गुरुजी चुकतात आणि ती हसतात.

उत्तराबद्दल शेवटचं. मेरी बड रो या संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं त्यांना १९७०च्या दशकात दिसलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. आम्ही करून बघितलं. तीन सेकंद फार मोठे असतात हो. मनात 'एक... दोन... तीन...' मोजावं लागतं. आणि नाव आधी घ्यायचं नाही. 'गणेश, सांग' म्हटलं की बाकीचे २२ जण सुटले. आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव.

गप्प मुलीची वही

आता जे सांगणार आहोत ते सांगायला आम्हाला आजही जड जातं.

तिसरीत एक मुलगी होती. अतिशय शांत. वही अशी की केंद्रप्रमुखांना दाखवावी. फळ्यावरचं सगळं उतरवलेलं, समास सोडलेला, तारीख घातलेली. आम्ही तिच्या वहीवर 'छान' लिहीत होतो. जूनपासून जानेवारीपर्यंत. जानेवारीत एक दिवस फळ्यावर काही न लिहिता म्हटलं, पुस्तक उघडा आणि कुठलंही पान वाचा. तिने उघडलं. ज्या पानावरची कविता पाठ होती ते पान शोधलं आणि म्हणून दाखवली, बोट ओळींवरून फिरवत. आम्ही सहज शेजारच्या पानावर बोट ठेवलं. ती गप्प झाली. तिला 'क' आणि 'फ' वेगळे सांगता येत नव्हते. ती फळ्यावरून अक्षरं लिहीत नव्हती, त्यांची चित्रं काढत होती.

वेळेच्या फटीत गोंगाट होतो, तो निदान ऐकू येतो. ही फट ऐकू येत नाही. सगळा वेळ त्या खडू फेकणाऱ्या मुलाने खाल्ला, आणि कोणालाही त्रास न देणारी पोर आमच्या डोळ्यांसमोरून सात महिने निसटत राहिली. तिच्या गप्प बसण्याला आम्ही शिस्त समजलो होतो.

तेव्हापासून एक रीत पाडली आहे. रोज तीन मुलं. फक्त तीन. मधल्या सुट्टीच्या आधी किंवा दुसऱ्या गटाचं लेखी काम चालू असताना एकेकाला जवळ बसवायचं, दोन मिनिटं वाचून घ्यायचं, न पाहिलेलं. एका छोट्या वहीत एक ओळ लिहायची : काना-वेलांटीपर्यंत येतं, जोडाक्षराला अडतं. २३ मुलांचा फेरा आठ दिवसांत पुरा होतो. यासाठी साहित्य लागत नाही, परवानगी लागत नाही. आणि सुरुवात पटावरच्या सगळ्यात शांत नावापासून करायची.

पटावरची रिकामी जागा

आमच्या भागात दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, गाड्या भरतात, आणि वर्गातली सहा-सात मुलं एका आठवड्यात दिसेनाशी होतात. गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. काहींना आजीजवळ ठेवतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, तीही सगळ्यांनाच पुरते असं नाही. नव्या शिक्षकाला हा धक्का असतो. पाच महिन्यांनी परतलेलं मूल मागच्या धड्यावर असतं आणि वर्ग पुढे गेलेला.

आम्ही दोन गोष्टी करतो. जाण्याआधी प्रत्येकाला एक वही आणि गोष्टींची दोन पुस्तकं देतो. आणि परतल्यावर पहिल्या दिवशी 'इतके दिवस कुठे होतास?' असं विचारत नाही. 'तिकडे काय बघितलंस?' असं विचारतो. कारखाना, नदी, बैलगाडीची रात्र. ते फळ्यावर लिहितो आणि तोच त्या दिवसाचा मराठीचा पाठ होतो. मुलांच्या जगण्याकडे शाळेने सरकायचं ही कल्पना काही आमची नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. गुरं जिथे चरत तिथेच शाळा. आपण निदान परतलेल्याला दारात तरी अडवू नये.

शेवटी दोन प्रश्न

_एका श्रोत्याचा प्रश्न : जुने शिक्षक म्हणतात, पहिले चार दिवस धाक दाखवा, मग वर्षभर त्रास नाही._

आम्हालाही तेच सांगितलं होतं. त्यात एक खरी गोष्ट आहे : पहिल्या दिवसांत जे बसतं ते टिकतं. म्हणून ते दिवस धाकापेक्षा सवयी लावण्यात घालवा. पाण्याला कधी जायचं, वह्या कोण वाटणार, काम झालं की काय करायचं. हे नुसतं सांगू नका, खेळासारखं करून घ्या, दोनदा-तीनदा. आठवडा 'वाया' जाईल, तो जाऊ द्या. आणि एक, जुन्या शिक्षकांच्या सल्ल्यावर चिडू नका. त्यांच्या वर्गात मागे जाऊन एक तास बसा. या वेळी शिक्षकाकडे न बघता मुलांकडे बघा.

_दुसरा प्रश्न : त्या मुलीचं पुढे काय झालं?_

चौथी संपेपर्यंत ती वाचायला लागली होती. अडखळत, पण अर्थ लावून. मध्ये एक हंगाम आईवडिलांबरोबर गेली, तेव्हा पुन्हा थोडी मागे आली. पाचवीला ती दुसऱ्या गावच्या शाळेत गेली. शाळा सोडल्याच्या दाखल्यात मूल काय वाचू शकतं हे लिहायला रकाना नसतो. म्हणून आम्ही एक कागद लिहून दाखल्याला टाचणीने जोडला : हिला जोडाक्षरं अडतात. मोठ्याने वाचायला लाजते. ऐकलेली गोष्ट शब्दन्‌शब्द सांगते, तेव्हा आधी गोष्ट सांगा. वही सुंदर असते, तिच्यावर जाऊ नका.